एकवीसच्या टेबलावर धुरपतामावशी

परवा कळमनुरीच्या बाजारात एका अनोळखी बाईनं मला अडवलं. म्हणाली, "तुमीच का त्या, गोव्यात पत्ते वाटायच्या?" मी म्हटलं, व्हय, मीच. तिनं मला वरून खालपर्यंत बघितलं, माझ्या पिशवीतून बाहेर आलेल्या मेथीच्या जुडीकडंही बघितलं आणि म्हणाली, "वाटत न्हाई."

आता तिला काय वाटायला पाहिजे होतं, ते तिचं तिलाच ठाऊक. बहुतेक लिपस्टिक. ती मी लावायचे, नोकरीचा भागच होता तो. पण लिपस्टिक पुसली की माणूस आतून आपल्या डोंगरकडा गावचंच राहतं, त्याला मी तरी काय करू.

या अंकाचे संपादक शाळेतले निवृत्त गुरुजी आहेत. ते घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "बाई, तुमच्या कामाबद्दल लिहा, पण जुगाराची जाहिरात नको." मी म्हटलं, गुरुजी, हलवायाला पेढे खाताना कधी बघितलंत का? एवढी वर्षं त्या टेबलामागं उभी होते, पण स्वतः एक डाव लावला नाही. लावावासा वाटलाही नाही. जिंकणारे कसे जातात आणि हरणारे कसे परत येतात, हे रोज डोळ्यांनी बघितल्यावर इच्छा होत नाही. माझ्यासमोर माणसं हरायची आणि मी हसून "बेटर लक, सर" म्हणायचे. त्या हसण्याचा पगार मी घेतला, हे खरं आहे. ते आजही कधीकधी मनाला लागतं. पण गुरुजींनी कामाबद्दल लिहायला सांगितलंय, तर कामाबद्दलच लिहिते.

नवरा पणजीला हॉटेलची गाडी चालवायचा, त्याच्यामागं मी गेले. नदीत जुगाराची जहाजं उभी असतात, लाँचमधून जावं लागतं. त्यातल्या एकावर आधी मला इस्त्रीचं काम मिळालं. मग पत्त्यांच्या खोलीत घातलं. टेबलावर वापरलेले सगळे पत्ते तिथं यायचे. बावन्न पत्त्यांचा जोड बराबर आहे का बघायचं, कुठं नखाची खूण, दुमडलेला कोपरा आहे का बघायचं, आणि भोक पाडून बाद करायचं. बाकीच्या पोरींना त्याचा कंटाळा यायचा. मला मात्र पत्ते हातात खेळवायला आवडायचं, कारण लहानपणापासून मी मेंढीकोट खेळलेली. माझे हात बघून साहेबांनी मला डीलरच्या ट्रेनिंगला बसवलं. इंग्रजी मला कुणी शिकवलं नाही. आकडे, "प्लीज" आणि "सॉरी" एवढ्यावर वर्षभर भागलं.

माझं टेबल ब्लॅकजॅकचं, म्हणजे एकवीसचं. सोपं आहे. तुमच्या पत्त्यांची बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची, पण पुढं जाऊ द्यायची नाही. पुढं गेली की मेलात. राजा, राणी, गुलाम यांचे दहा धरायचे आणि एक्क्याचा एक किंवा अकरा. तुम्हाला दोन पत्ते, डीलरलाही दोन. डीलरचा एक उघडा, एक उपडा. उघडा पत्ता एक्का किंवा दहाचा असला तर डीलर उपड्याचं टोक अंगठ्यानं हळूच उचलून बघते, एकवीस झालेत का म्हणून. एवढंसंच उचलायचं, नखाएवढं. आणि टेबल सोडताना दोन्ही तळहात उलटेपालटे करून छताच्या कॅमेऱ्याला दाखवायचे, म्हणजे हातात काही लपवलं नाही हे त्याला कळतं. मी अजूनही भाकरी थापून उठताना तसे हात करते. नातीला वाटतं, आजी पीठ झटकतेय.

आता मोजण्याचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

सहा जोड एकत्र पिसून एका लांबट डब्यात घालतात. वाटलेले पत्ते बाजूला जातात, डबा संपेपर्यंत परत येत नाहीत. म्हणजे गेलेले ज्याच्या ध्यानात राहिले, त्याला उरलेल्यांचा अंदाज येतो. दोनपासून सहापर्यंतचा लहान पत्ता गेला की मनात एक वाढवायचा. दहा, गुलाम, राणी, राजा, एक्का असा मोठा गेला की एक कमी करायचा. सात, आठ, नऊकडं बघायचंच नाही. मनातला आकडा चढत गेला म्हणजे डब्यात मोठे पत्ते जास्त उरलेत. तेव्हा डाव मोठा लावायचा. आकडा पडला की हात आखडता घ्यायचा. मोठे पत्ते उरले तर खेळणाऱ्याचा फायदा काहून? कारण खेळणारा बारावरही थांबू शकतो, पण डीलरला ती मुभा नाही. सतरा होईपर्यंत तिनं पत्ता घेतलाच पाहिजे. सोळावर राजा आला की सव्वीस, म्हणजे आम्ही मेलो.

हा फायदा नखाएवढाच, तोही तासन् तास डोकं न हलवता मोजलं तर. मोजणं हा गुन्हा नाही. डोक्यात चाललेल्या बेरजेला कोण पकडणार? पण जहाज मालकाचं आहे. कुणाला खेळायला बसवायचं आणि कुणाला नाही, हे तो ठरवतो. म्हणून मोजणारा दिसला की वरच्यांना सांगायचं, हे डीलरचं कामच.

मी सांगायचे. एक प्राध्यापक यायचे, पुण्याचे. मोजताना त्यांचे ओठ हलायचे. दोन दिवसांत मी ओळखलं आणि मेनन सरांना सांगितलं. मेनन सर म्हणजे आमच्या पाळीचे मॅनेजर. केरळचे, उंच, आवाज कधी चढायचा नाही. ते आले आणि वाकून म्हणाले, सर, आपण बाकी कुठलाही खेळ खेळा, हा नको, आजचं जेवण आमच्याकडून. प्राध्यापकांचा चेहरा एवढासा झाला. जाताना मला म्हणाले, "मी चोरी केली का हो?" मी पुढचा डाव वाटायला घेतला. वाईटही वाटलं नाही. असे कितीतरी मी दाखवून दिले.

आणि मग धुरपतामावशी आल्या.

दुपारची पाळी होती, कोपऱ्यातलं टेबल. धोतर नेसलेला एक म्हातारा खुर्चीवर बसला आणि मागं बघून ओरडला, "काहून थांबून राहिली तिथं? इकडं ये न."

तो "काहून" ऐकला आणि माझे हात थांबले. नवऱ्याला जाऊन दोन वर्षं झाली होती. लेक नांदेडला नर्सिंगला. घरची बोली कानावर पडून किती महिने झाले होते, तेही आठवेना. टेबलावर इंग्रजी नाहीतर हिंदीच बोलायचं असा नियम होता. मी सरळ मराठीत विचारलं, "कुठले तुमी?"

"हिंगोली जिल्हा. पुसेगावजवळचा तांडा."

"मी डोंगरकड्याची."

म्हातारा एवढ्या मोठ्यानं हसला की शेजारच्या दोन टेबलांवरची माणसं वळून बघायला लागली. "मंग आता पत्ते चांगले देजो माय," म्हणाला. मीही हसले. वर कॅमेरा होता, पण तेव्हा त्याची आठवण कुणाला.

थावरूकाका त्यांचं नाव. त्यांचा मुलगा गोव्यात रस्त्याची कंत्राटं घ्यायचा. दिवसभर तो साइटवर असायचा, म्हणून आईबापांना तिकीट काढून जहाजावर सोडायचा. तिकिटात जेवण आणि खेळायला थोड्या चिप्स. मावशींनी काकांच्या शेजारच्या खुर्चीकडं बघितलं आणि मान हलवली. "जोडीदार समोर बसत असतो," म्हणाल्या, आणि माझ्या पाठीमागं पाचसहा हातांवर खांबापाशी सोफा होता, तिथं जाऊन जरा तिरक्या बसल्या. नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. लांबचं आता लख्ख दिसतं, असं कौतुकानं सांगत होत्या.

हे जोडीदाराचं मला लगेच कळलं, आमच्याकडच्या कुणालाही कळेल. मेंढीकोटात चौघं बसतात, दोघादोघांची जोडी, आणि जोडीदार समोरासमोर. दश्श्या म्हणजे मेंढ्या, चारांतल्या जास्त जो पकडेल तो जिंकला. कोणती दश्शी गेली, कोणती राहिली, हे ज्याच्या ध्यानात राहत नाही त्याला कुणी जोडीला घेत नाही. एकवीसमध्ये जोडीदार नसतो हे मावशींना कुणी सांगितलं नव्हतं. मीही सांगितलं नाही. मला गंमत वाटली.

दुसऱ्या दिवशी गंमत वाटेनाशी झाली. काका एक चिप लावायचे, एक लावायचे, आणि मधूनच एकदम पाच. तिसऱ्या डब्याला माझ्या ध्यानात आलं की पाच लावायच्या आधी ते माझ्या खांद्यावरून पलीकडं बघतात. पत्ते पिसताना मी वळून बघितलं. मावशींचा पदर खांद्यावर होता आणि डाव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत होता. पुढच्या डब्याला मीही मनात मोजत गेले. माझा आकडा चढला की मावशींचा पदर डोक्यावर. पडला की खांद्यावर. एकदाही चूक नाही.

त्याच वेळी मेनन सरांना सांगायला पाहिजे होतं. सांगितलं नाही. स्वतःला म्हटलं, म्हातारी माणसं आहेत, डाव बारके आहेत, रविवारी जातील आपल्या गावाला. हे सगळं खरंच होतं. पण खरं कारण दुसरंच होतं. माझी सुट्टी व्हायची तेव्हा मावशी सोफ्यावरून विचारायच्या, "पोरी, जेवली का?" प्राध्यापकांनी कधी विचारलं नव्हतं.

चौथ्या दुपारी डाव चालू असतानाच खांद्यावर थाप पडली. दुसरी डीलर आली. मी तळहात दाखवले आणि ऑफिसात गेले.

मेनन सरांनी पडद्यावर चित्र लावलं, बिनआवाजाचं. पहिल्या दिवशी मी काकांशी बोलते, काका हसतात, मी हसते. मग मी उपड्या पत्त्याचं टोक उचलते, माझ्या पाठीमागं मावशी बसलेल्या, त्या पदर घेतात, काका चिप्स सरकवतात. पुन्हा तेच, आणि पुन्हा तेच. कॅमेऱ्याच्या खोलीतल्या माणसाला जे वाटलं ते कुणालाही वाटलं असतं. ही डीलर आपल्या गावच्या बाईला पाठीमागून पत्ता दाखवते, आणि ती नवऱ्याला खूण करते.

सर म्हणाले, "तुमने कार्ड दिखाया?"

मी म्हटलं, नाही.

"तो उसको पता कैसे चलता है?"

याचं उत्तर माझ्याकडं होतं. ती मोजते, एवढं म्हटलं की झालं. पण मग पुढचा प्रश्न यायचा, तुला कधीपासून माहीत? आणि तिकडं मावशींना मी माझ्याच तोंडानं पकडून दिल्यासारखं झालं असतं. नाही सांगितलं तर मी चोर. पत्त्यात चोरी केली म्हणून काढलेल्या डीलरचं नाव सगळ्या जहाजांवर जातं, पुन्हा कुणी तिला पत्त्याला हात लावू देत नाही. नोकरी म्हणजे नुसता पगार नव्हता तो. इस्त्रीच्या टेबलापासून मी जे काही झाले होते, ते सगळं त्या दोन हातांतच होतं. डोंगरकड्याला जाऊन लोकांना आणि लेकीला काय सांगणार होते, हातचलाखी केली म्हणून हाकललं?

सरांनी तीनदा विचारलं. मी खाली बघत उभी राहिले. शेवटी त्यांनी दोघांना बोलावलं.

मावशींनी आधी पडद्याकडं बघितलं. "म्या एवढी जाड दिसते?" असं काकांना विचारलं. काका म्हणाले, "दिसते म्हंजे? हायेसच." मग त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि त्यांना कळलं की इथं हसण्यासारखं काही नाही. मेनन सरांनी हिंदीत सगळं सांगितलं. आपल्याकडच्या माणसाला हिंदी अवघड नाही. मावशींनी शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतलं.

"साहब, इस पोरी ने मेरे को कुछ नहीं दिखाया," त्या म्हणाल्या. "मैं गिनती हूँ."

सर हसले. हसले म्हणजे, त्यांना खोटं वाटलं. शाळेत न गेलेली म्हातारी बाई सहा जोडांचे पत्ते मोजते असं कोण मानणार? म्हणाले, मांजी, कॅमेऱ्यात तर तुम्ही जप करत होतात.

"जप न्हाई. बकऱ्या," मावशी म्हणाल्या. आणि मग मराठीतच सुरू झाल्या, मी हिंदी करून सांगत गेले. लहानपणापासून बकऱ्या राखल्या. सांजच्याला बकऱ्या वाड्यात शिरतात तेव्हा दारात उभं राहून मोजायचं. मधेच दोन बाहेर पळतात, तीन आत येतात, ते सगळं पेरांवर ठेवायचं. हा खेळही तसाच. बारका पत्ता निघाला की एक बकरी आत आली, मोठा निघाला की एक बाहेर गेली. वाडा भरला की पदर डोक्यावर. पहिल्या दुपारी नुसतं बघूनच कळलं होतं, की बारके निघून गेले की मागून मोठे येतात आणि ही वाटणारी पोरगी मरते.

मेनन सर हसायचे थांबले. त्यांनी दोन नवे जोड फोडले, पिसले, स्वतः वाटायला बसले. मला भिंतीकडं तोंड करून उभं केलं. मी खूण करू नये म्हणून. एकेक पत्ता उघडा पडल्याचा आवाज तेवढा येत होता. साहेब भराभर टाकत होते, मुद्दाम. निम्म्याच्या वर पत्ते गेल्यावर थांबले. "बोलो."

"सात," मावशी म्हणाल्या. "उरल्यात मोठे सात जास्त."

सरांनी उरलेले पत्ते मोजले. लहान एकीकडं, मोठे एकीकडं. मग पुन्हा मोजले. म्हणाले, आठ आहेत. एकानं चुकलात. पण फार चांगलं, एवढंही कुणाला जमत नाही.

एकानं चुकली म्हणजे मोजता येत नाही असंच वर कळवणार हे. पण मावशी हलल्या नाहीत.

"म्या न्हाई चुकले. तुमी वाटायला लागले तवा पयला पत्ता उपडाच बाजूला सारला. तो मले दाखवलाच न्हाई. तो बारका असंल."

मी भिंतीकडंच बघत होते. पण मला कळलं काय झालं ते. नवा डबा सुरू करताना पहिला पत्ता न दाखवता बाद करायचा, ही आमची रीत. मेनन सरांचे हात इतकी वर्षं तेच करत आलेले, त्यांनी नकळत तसंच केलं होतं. पत्ता उलटल्याचा आवाज झाला.

"इधर देखो," सर मला म्हणाले. मी वळले. टेबलावर एकटी चौकटची तिर्री पडली होती.

काका म्हणाले, "आता कळलं का साहेब, घरात माझं काहून चालत न्हाई?"

मेनन सर उठले आणि मावशींना हात जोडले. मग त्यांना तेच म्हणाले जे प्राध्यापकांना म्हणाले होते, की मांजी, बाकी काहीही खेळा, हा खेळ नको, आजही नको, कधीच नको. मावशींनी मान डोलावली. म्हणाल्या, येत न्हाई. पण ह्या पोरीला तिच्या जागेवर उभं करा. काका मात्र चिडले. हरलो असतो तर पाहुणे होतो काय, असं विचारून राहिले. सरांनी टेबलावरचे पत्ते गोळा केले.

मग ते माझ्याकडं वळले. मराठी गेली, हिंदी गेली, इंग्रजीत विचारलं, तुला माहीत होतं का?

मी सुटले होते. नाही सर, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. तेही तेच ऐकायला बसले होते, मला दिसत होतं. त्यांना मला काढायचं नव्हतं.

मी म्हटलं, "यस सर. फ्रॉम सेकंड डे."

त्यांनी मला नोकरीवरून काढलं नाही, टेबलावरून काढलं. सहा महिने परत पत्त्यांच्या खोलीत. भोकं पाडायला. वर म्हणाले, आता या दोघांना लाँचपर्यंत सोडून ये.

धक्क्यावर ऊन होतं. लाँच यायला वेळ होता. काका फुकटचं जेवून आले होते, त्यांचा राग ओसरला होता. मावशींचा मात्र चढला होता. इंग्रजी कळत नव्हतं, पण मी काय बोलले ते माझ्या आणि साहेबांच्या तोंडावरून त्यांनी बराबर ओळखलं होतं.

"काहून खरं बोलली?" त्या म्हणाल्या. "म्या एवढं वाचवलं तुले. सगळा खेळ सोडला तुझ्यापायी. अन् तू आपल्या तोंडानं सांगून बसली."

मी म्हटलं, "मावशी, तुमी त्यांच्यापुढं दोन जोड मोजून दाखवले. उपडा पत्तासुद्धा सांगितला. आन् मी चार दिवस तुमच्यापुढं पाचसहा हातांवर पत्ते वाटत होते. मला कळलंच न्हाई असं म्हणाले असते, तर मी डीलर कसली?"

मावशींनी माझ्याकडं नीट बघितलं. राग गेला असं नाही म्हणणार, पण तोंडावरचं काहीतरी सैल झालं. लाँच धक्क्याला लागली. काकांनी धोतर सावरत आत पाय टाकला, मावशींना हात दिला. त्या चढल्या, बसल्या, आणि बसल्यावर मला जवळ बोलावलं.

"खरं सांग. कवा कळलं तुले?"

"दुसऱ्या दिवशी. तिसऱ्या डब्याला."

त्यांनी डाव्या हाताच्या पेरांवरून अंगठा फिरवला.

"लई उशीर लावला पोरी," म्हणाल्या, आणि लाँच निघाली.